काचबिंदू

काचबिंदू : डोळ्याकडून मेंदूकडे दृश्यसंदेश नेणाऱ्या नसेचे (दृक्-तंत्रिकेचे) तंतू हळूहळू मरत जाणाऱ्या नेत्रविकारांचा गट. बोलण्यात त्याची मोतीबिंदूशी नेहमी गल्लत होते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढुळते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उपचार करायचे ते उरलेली राखण्यासाठी, आणि घरच्यांना हे पटवणे डॉक्टरांना जड जाते.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि पारदर्शक पटल व रंगीत पडदा यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून जातो. निचरा मंदावला की डोळ्यातला दाब वाढतो आणि नसेला इजा होते. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सर्वसाधारण मानतात. मात्र या मर्यादेत दाब असूनही काहींची नस खराब होते, तर थोडा जास्त असूनही काहींना वर्षानुवर्षे काही होत नाही. म्हणून नुसता दाब मोजून निदान पुरे होत नाही. बाहुली मोठी करून नस पाहावी लागते आणि दृष्टिक्षेत्र तपासावे लागते. या तपासणीत रुग्ण एका यंत्रात डोळा लावून समोरच्या ठिपक्याकडे टक लावतो आणि कडेला कुठे मिणमिणता उजेड दिसला की हातातले बटण दाबतो. कंटाळवाणे काम आहे. पहिल्या खेपेचा अहवाल पुष्कळदा भरवशाचा नसतो.

आजार चोरपावलांनी येतो. खुल्या कोनाच्या काचबिंदूत (कोन उघडा असतो, पण जाळीतून निचरा मंद होतो) दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि आधी जाते ती कडेची नजर. चित्रांत दाखवतात तशी काळी चौकट रुग्णाला दिसत नाही. उणीव मेंदू भरून काढतो, त्यामुळे काही हरवल्याचे कळतच नाही. बंद कोनाच्या प्रकारात (निचऱ्याचा कोनच मिटतो) मात्र दाब एकाएकी चढू शकतो: डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. आपल्याकडे याला ‘पित्त उसळलंय’ म्हणून घरगुती उपाय सुरू होतात. तेवढ्या तासांत डोळा जाऊ शकतो. मोतीबिंदू ‘पिकू दे, मग बघू’ म्हणून ताणत नेल्यावर फुगलेल्या भिंगामुळेही दाब असाच चढतो.

चाळिशीनंतर धोका वाढतो. सख्ख्या भावंडांत किंवा आईवडिलांत कुणाला असेल तर तो आणखी जास्त. मोठ्या नंबरचा चष्मा, मधुमेह, डोळ्याला मागे लागलेला मार ही इतर कारणे. टाळता येण्याजोगे एक कारण म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. डोळे खाजतात म्हणून औषधाच्या दुकानातून एकदा आणलेली बाटली चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने वापरली जाते. आराम पडतो आणि आतला दाब चढत राहतो.

उपचाराचा मुख्य आधार म्हणजे दाब उतरवणारे थेंब, बहुधा जन्मभर. त्यांतला टिमोलॉल १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला. दम्याच्या रुग्णाने तो घेऊ नये. नंतर आलेल्या लॅटॅनोप्रॉस्टने पापण्यांचे केस लांब होतात. थेंब घालण्याची रीतही महत्त्वाची: खालची पापणी ओढून खळगा करावा, एकच थेंब सोडावा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनएक मिनिटे दाबून धरावा, दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे. थेंबांनी दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून लोक बाटली संपली की थांबतात. खर्चही रेटावा लागतो. याशिवाय लेसर आणि निचऱ्यासाठी नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. बंद कोनासाठी रंगीत पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया जर्मन नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केली. आज तेच छिद्र लेसरने काही मिनिटांत पाडतात.

नजर बरीच आकसल्यावर माणसाची विचित्र कोंडी होते. तक्त्यावरची शेवटची ओळ तो वाचतो, पेपर वाचतो, पण दारातल्या बादलीला अडखळतो आणि बाजूने आलेली रिक्षा त्याला दिसत नाही. हातात पांढरी काठी असलेला माणूस मोबाइल वाचताना दिसला की बसमध्ये ‘नाटकं करतोय’ असे शेरे ऐकू येतात. अशा व्यक्तीला अक्षर मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाचा उपयोग कमी. मान आणि डोळे फिरवून समोरचा टापू चाळण्याची सवय, काठीने चालण्याचे प्रशिक्षण, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी आणि सामान नेहमी एकाच जागी ठेवणारे घरचे लोक यांचा उपयोग जास्त.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही अवस्था ओळखली आहे. चष्मा वगैरे लावून शक्य तेवढी दुरुस्ती केल्यानंतरही दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास, तक्ता कितीही वाचता आला तरी, ती व्यक्ती कायद्याने अंध ठरते. ४० अंशांपेक्षा कमी पण १० पर्यंत असल्यास अल्पदृष्टी. नोकरीतले आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढायला सरकारी रुग्णालयात जाताना दृष्टिक्षेत्राचा अलीकडचा अहवाल बरोबर न्यावा. नाहीतर सारे नुसत्या तक्त्यावर ठरण्याची शक्यता असते.