वासयोग्य पट्टा

ताऱ्यापासून जितक्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकते, त्या भागाला वासयोग्य पट्टा म्हणतात. सूर्याच्या या पट्ट्यात पृथ्वी आहे. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. तिथवर प्रकाश यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात आणि वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पोहोचते.

मात्र नुसत्या अंतरावर भागत नाही. चंद्र सूर्यापासून जवळजवळ तितकाच दूर आहे, त्याच्यावर ऊनही तेवढेच पडते. तरी त्याच्या विषुववृत्तावर भर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री उणे १३० च्याही खाली उतरते. फरक हवेचा आहे. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांची दुलई नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश असते. शुक्रावर ही दुलई इतकी जाड आहे की तिथे ४६५ अंशांची भट्टी पेटलेली असते. मंगळावर ती अगदीच विरळ, म्हणून सरासरी उणे ६० च्या आसपास.

सूर्य कायम असाच तळपत आला, हा समजही खरा नाही. सुमारे ४.६ अब्ज वर्षांपूर्वी जन्मला तेव्हा त्याचे तेज आजच्या ७० टक्क्यांच्या आसपास होते. त्या हिशेबाने पृथ्वीवरचे समुद्र गोठलेले असायला हवे होते. पण प्राचीन खडकांत वाहत्या पाण्याच्या खुणा सापडतात. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे कोडे मांडले. त्याचे पूर्ण उत्तर अजून वादातच आहे. उत्तराचा मोठा भाग बहुधा कार्बनच्या चक्रात असावा. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो, झिजलेले क्षार नद्यांतून समुद्रात जातात, त्यांचा चुनखडक होतो आणि ज्वालामुखी तो वायू पुन्हा हवेत सोडतात. थंडी वाढली की झीज मंदावते, वायू साठतो आणि ऊब परतते. लाखो वर्षांच्या संथ गतीने चालणारी ही व्यवस्था मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

१९७७ मध्ये प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल, मिट्ट काळोखात उष्ण पाण्याचे झरे सापडले. पुढे तिथल्या लांबलचक नळीकृमींचा अभ्यास झाला. या कृमींना ना तोंड, ना आतडे. शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून त्यांचे अन्न बनवतात. म्हणजे सूर्याशिवायही जीवन चालते? पुरते तसेही म्हणता येत नाही. या रसायनक्रियेला लागणारा ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातूनच तिथवर पोहोचलेला असतो.

सूर्याचे तेज दर अब्ज वर्षांत साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि पट्टा बाहेर सरकतो. सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा व्हायला सुमारे ५ अब्ज वर्षे आहेत. पण पृथ्वीवरचे समुद्र त्याच्या कितीतरी आधी, अंदाजे एक अब्ज वर्षांत आटू लागतील.