गिटार अ‍ॅम्प्लिफायरची ट्यूब : आवाजासाठी निवड करण्याची प्रथा कशी आली

ट्यूब, म्हणजे संकेत मोठा करणारी निर्वात काचनळी, असलेला अ‍ॅम्प्लिफायर वापरणाऱ्या गिटारवादकाला आज जुनी ट्यूब बदलायची वेळ आली, की एकाच क्रमांकाची ट्यूब दहा-बारा नावांनी समोर येते आणि प्रत्येक नावाखाली तिच्या आवाजाचे वर्णन छापलेले असते : एक उबदार, दुसरी धारदार, तिसरी खालच्या पट्टीत भरीव. यांतली कोणती घ्यावी हा प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरइतकाच जुना असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नाही. विद्युत गिटारच्या पहिल्या चार दशकांत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कोणती ट्यूब बसेल हे बहुतेक वेळा कारखान्यातला साठा, किंमत आणि आयातदाराची सोय यांवर ठरत असे, आणि दुरुस्ती करणारा कारागीर त्याच क्रमांकाची हाताशी असलेली ट्यूब बसवून मोकळा होई. आवाज डोळ्यांसमोर ठेवून बदलीची ट्यूब शोधण्याची पद्धत नंतर रुजली, आणि ती रुजण्यामागे संगीताइतकाच कारखाने बंद पडण्याचा हात आहे.

ट्यूबचा जन्म गिटारसाठी झालाच नव्हता. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युताग्रांची ट्यूब तयार केली. १९०६ च्या सुमारास ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरे विद्युताग्र, म्हणजे ग्रिड, घातले आणि क्षीण संकेत मोठा करण्याची वाट मोकळी झाली. पुढची तीस वर्षे या शोधाला दिशा दिली ती दूरध्वनी, रेडिओ आणि बोलपटांनी. आरसीए कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणलेली ६एल६ ही पॉवर ट्यूब, म्हणजे लाउडस्पीकर चालवण्याइतकी शक्ती देणारी ट्यूब, आणि तिच्या पाठोपाठ आलेली लहान ६व्ही६ या दोन्ही रेडिओसंच व ध्वनिक्षेपकांसाठी होत्या, आणि त्यांच्या रचनेमागचा हेतू कमीत कमी विकृतीसह, म्हणजे डिस्टॉर्शनसह, जास्तीत जास्त शक्ती देणे हा होता. गिटारवादकांनी पुढे याच ट्यूबवर मर्यादेपलीकडचा भार टाकून जी विकृती जाणीवपूर्वक मिळवली, ती त्यांच्या अभियंत्यांच्या लेखी दोष होती. गिटार अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे सुरुवातीचे लोकही रेडिओच्या धंद्यातूनच आले. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांचे १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि ट्यूब कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकांत जी नमुना परिपथांची रेखाचित्रे छापत, तीच त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरांचा पाया होती.

प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारचा क्षीण संकेत प्रथम मोठा करणाऱ्या भागाच्या, बाबतीत निर्णायक वर्ष १९४७. त्या वर्षी आरसीएने १२एएक्स७ ही नऊ पिनांची छोटी दुहेरी ट्रायोड (तीन विद्युताग्रांची) ट्यूब आणली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. ज्या तंत्राला हटवणारा प्रतिस्पर्धी जन्मला, त्याच तंत्रातील सर्वांत दीर्घायुषी ट्यूब त्याच वर्षाची असावी, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. युरोपात हीच ट्यूब ईसीसी८३ या नावाने बनू लागली. तिचा वर्धनांक, म्हणजे ती संकेत किती पटींपर्यंत मोठा करू शकते याचा आकडा, १०० आहे. तिच्याच पिनरचनेच्या इतर ट्यूबचे आकडे उतरते आहेत : औद्योगिक वापरासाठी बनलेल्या ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा सुमारे ४५ आणि १२एयू७ चा २० च्या आसपास. या सगळ्या एकाच सॉकेटमध्ये बसतात, आणि एक काढून दुसरी घालण्याची सवय वादकांना लागली ती याच सोयीमुळे. मात्र वर्धनांक ही ट्यूबची एक बाजू झाली. १२एटी७ जास्त प्रवाह देऊ शकते. म्हणूनच फेंडरने साठच्या दशकातील अ‍ॅम्प्लिफायरांत रिव्हर्बचा (घुमणाऱ्या आवाजाच्या परिणामाचा) ट्रान्सफॉर्मर चालवण्यासाठी आणि फेज इन्व्हर्टरसाठी, म्हणजे संकेताचे दोन परस्परविरुद्ध भाग करून ते पॉवर ट्यूबना देणाऱ्या टप्प्यासाठी, ती वापरली. केवळ गेन (वर्धन) कमी करायचा म्हणून तिला १२एएक्स७ साठी आखलेल्या पहिल्या टप्प्यात बसवले, तर तिच्या भोवतालचे रोधक तिला मानवणारे नसतात आणि आवाज अनेकदा कोरडा वाटतो.

एका सॉकेटमुळे किती फरक पडू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण इतिहासातच आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने ५एफ६-ए या परिपथाचा बासमन अ‍ॅम्प्लिफायर काढला. नावाप्रमाणे तो बास गिटारसाठी होता आणि त्याच्या पहिल्या सॉकेटमध्ये १२एवाय७ होती. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीने आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर, जेटीएम४५, उभा केला तेव्हा त्यांनी जवळजवळ हाच परिपथ उचलला. पण पहिल्या सॉकेटमध्ये ईसीसी८३ घातली. पहिल्याच टप्प्याचा वर्धनांक दुपटीहून अधिक झाल्यामुळे पुढचे टप्पे लवकर भरून वाहू लागले आणि व्हॉल्यूमचा खटका थोडा फिरवताच आवाजाला खरखरीत धार येऊ लागली. लाउडस्पीकर, त्याची बंद पेटी आणि ट्रान्सफॉर्मरही वेगळे होते, त्यामुळे सारे श्रेय एका ट्यूबला देता येणार नाही. तरी आजही एखादा वादक उलट दिशेने जाऊन मार्शल घराण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या सॉकेटमध्ये १२एवाय७ घालतो आणि आवाज निवळल्याचे त्याला लगेच ऐकू येते, तेव्हा तो नकळत हाच बदल मागे फिरवत असतो.

पॉवर ट्यूबच्या बाजूला इंग्लंडने स्वतःचा मार्ग धरला तो मुख्यतः पुरवठ्यामुळे. जेटीएम४५ मध्ये आरंभी ६एल६ च्या कुळातील ५८८१ होती; मग तिची जागा इंग्लंडमध्ये बनणाऱ्या केटी६६ ने घेतली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त व सहज मिळणाऱ्या ईएल३४ ने. ६एल६ आणि केटी६६ या बीम टेट्रोड (चार विद्युताग्रांच्या) आहेत, तर फिलिप्स समूहाची ईएल३४ ही खरी पेंटोड (पाच विद्युताग्रांची). तिला ग्रिडवर कमी संकेत पुरतो, ती मधल्या पट्टीत पुढे येते आणि मर्यादा ओलांडताना आक्रमक होते. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे डिक डेन्नी यांनी व्हॉक्स या अ‍ॅम्प्लिफायरच्या ब्रँडसाठी आखलेल्या एसी१५ आणि एसी३० मध्ये छोटी ईएल८४ आली. एसी३० मध्ये चार ईएल८४, ऋण प्रतिभरणाशिवाय (बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून मागे देण्याशिवाय), आणि त्यामुळे तो सुपरिचित झणझणीत वरचा स्वर. एसी१५ च्या प्रीअ‍ॅम्पमध्ये ईएफ८६ ही पेंटोड होती. टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोनच्या कामासाठी ती उत्तम. पण लाउडस्पीकरच्याच पेटीत बसवल्यावर त्याच्या कंपनांनी तिचे आतले भाग थरथरत आणि ती स्वतःच मायक्रोफोनसारखी वागू लागे. पुढे एसी३० मध्ये तिच्या जागी ईसीसी८३ आली, ती याच कारणाने.

‘अमेरिकन आवाज’ आणि ‘ब्रिटिश आवाज’ हे शब्दप्रयोग याच काळातून आले आणि आजही ट्यूबच्या जाहिरातींत ते सर्रास भेटतात. माझ्या मते त्यांनी वादकांची बरीच दिशाभूल केली आहे. टोनचे नियंत्रण परिपथात कुठे आहे, ऋण प्रतिभरण किती आहे, लाउडस्पीकर कोणता आहे यांचा त्या आवाजातला वाटा मोठा आहे, आणि फेंडरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ईएल३४ बसवल्याने त्याचा मार्शल होत नाही. मुळात तशी अदलाबदल सरसकट सुरक्षितही नाही. ईएल३४ च्या फिलामेंटला दीड अँपिअर लागतो, ६एल६ ला ०.९; शिवाय ईएल३४ ची तिसरी ग्रिड पहिल्या पिनेवर वेगळी काढलेली असते आणि ती कॅथोडला जोडलेली नसेल तर ट्यूब नीट चालतच नाही. याच्या उलट दिशेचा प्रसंग सत्तरच्या दशकात घडला. अमेरिकेत गेलेल्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरांतील ईएल३४ वारंवार निकामी होऊ लागल्याने तिथल्या वितरकाने त्यांत दणकट ६५५० घालायला सुरुवात केली. अमेरिकेतील कित्येक वादकांच्या कानात बसलेला त्या काळातील मार्शलचा घट्ट, मोकळा आवाज हा अशा रीतीने वॉरंटीच्या खर्चातून आला आहे.

सत्तरच्या दशकात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि ट्यूबची निवड हा स्वतंत्र विषय झाला. पहिली म्हणजे गेनच्या टप्प्यांमागे आणखी टप्पे जोडण्याची पद्धत; कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांच्या मेसा बूगी अ‍ॅम्प्लिफायरांनी ती लोकप्रिय केली. संकेत एवढ्या पटींनी मोठा होत असताना पहिल्या सॉकेटमधील ट्यूबची किंचित खरखर किंवा थरथरही ऐकू येऊ लागली, आणि एकाच खोक्यातल्या दोन १२एएक्स७ सारख्या नसतात हे कोणालाही कळू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रान्झिस्टरने रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच काबीज केल्यावर ट्यूबचे मोठे ग्राहकच संपले. आरसीएने ट्यूबचे उत्पादन १९७६ मध्ये थांबवले. इंग्लंडमधील मुलार्डचा ब्लॅकबर्न येथील विभाग आणि केटी६६ बनवणारी एम-ओ व्हॉल्व्ह कंपनी ऐंशीच्या दशकात थांबल्या. गिटारवादक हे या उद्योगाचे नेहमीच किरकोळ गिऱ्हाईक होते, आणि आता तेवढेच उरले.

याच पोकळीत निवडीचा व्यापार उभा राहिला. अ‍ॅस्पेन पिटमन यांनी १९७९ मध्ये ग्रूव्ह ट्यूब्ज ही कंपनी काढली. ती वेगवेगळ्या कारखान्यांच्या ट्यूब तपासून, पॉवर ट्यूबच्या जुळणाऱ्या जोड्या लावून त्यांना १ ते १० असा अंक देई : लहान अंकाची ट्यूब लवकर विकृत होणारी, मोठ्या अंकाची उशिरापर्यंत स्वच्छ राहणारी. मोजून विकण्याची ही कल्पना मला आजही रास्त वाटते, कारण वादकाला जे हवे असते त्याच्या ती जवळ जाते. त्याच सुमारास जुन्या, न वापरलेल्या साठ्यांचा शोध सुरू झाला आणि ब्लॅकबर्नच्या मुलार्ड, काचेच्या तळाशी पिनांच्या मधोमध हिऱ्याची खूण असलेल्या टेलिफंकन आणि अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या ट्यूबचे भाव चढू लागले. मुलार्डच्या काचेवर खालच्या बाजूला राखाडी अक्षरांत सांकेतिक खूण असते आणि तिच्यातले ‘बी’ हे अक्षर ब्लॅकबर्न कारखाना दाखवते. जुन्या कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने विकत असल्याने जाणकार आजही छापील नाव न पाहता ही खूण पाहतो.

नवा माल मात्र पूर्वेकडून आला. सोव्हिएत संघात ट्यूबची लष्करी गरज पश्चिमेपेक्षा बराच काळ टिकली. सप्टेंबर १९७६ मध्ये व्हिक्टर बेलेंको मिग-२५ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते येथे उतरला, तेव्हा त्याच्या रडारमध्ये ट्यूब पाहून पाश्चात्य तज्ज्ञांना आश्चर्य वाटले होते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे संस्थापक माइक मॅथ्यूज यांनी हे कारखाने हेरले आणि सोव्हटेक या नावाने रशियन ट्यूब गिटारच्या बाजारात आणल्या. नव्वदच्या दशकात ईएल३४ चा पुरवठा इतका बेभरवशाचा झाला की खुद्द मार्शलने काही वर्षे आपल्या अ‍ॅम्प्लिफायरांत रशियन ५८८१ बसवल्या. पुढे मॅथ्यूज यांच्या कंपनीने साराटोव्ह येथील कारखाना विकत घेतला, आणि आज टंग-सोल, मुलार्ड, जेनालेक्स गोल्ड लायन ही जुनी अमेरिकी व ब्रिटिश नावे त्याच एका कारखान्यातून बाहेर पडतात. स्लोव्हाकियातील चाद्सा येथील जेजे आणि चीनमधील कारखाने हे उरलेले स्रोत. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातल्याची बातमी येताच दुकानांतील साठे भराभर संपले. निर्यात नंतर सुरू झाली, पण चढलेले भाव पूर्वपदावर आले नाहीत.

या पार्श्वभूमीवर आज बदलीची ट्यूब घेताना नावापेक्षा सॉकेट आणि आकडे अधिक कामाचे ठरतात. प्रीअ‍ॅम्पमध्ये सर्वाधिक फरक पहिल्या सॉकेटमध्ये ऐकू येतो. फेज इन्व्हर्टरमध्ये दोन्ही ट्रायोडचा तोल महत्त्वाचा, आणि तिथे महागडी जुनी ट्यूब घालणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे. बायस म्हणजे संकेत नसताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारा ग्रिडवरचा दाब; तो स्थिर असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पॉवर ट्यूब बदलल्यावर बायस पुन्हा लावावाच लागतो, आणि आत साडेचारशे व्होल्टचा दाब असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. ईएल३४ ची प्लेट, म्हणजे प्रवाह गोळा करणारे विद्युताग्र, २५ वॅट उष्णता सोसते. ४५० व्होल्टवर त्यानुसार प्लेटचा प्रवाह सुमारे ५५ मिलिअँपिअर होतो आणि त्याच्या ७० टक्के, म्हणजे ३९ मिलिअँपिअर, ही स्वस्थ स्थितीतील प्रचलित मर्यादा आहे. ३० वॅटच्या ६एल६जीसी साठी तीच मर्यादा ४६ च्या आसपास येते. बायस थंड ठेवला की आवाज पातळ आणि ठिसूळ होतो, गरम ठेवला की जाड होतो पण ट्यूब लवकर संपते. एका कारखान्याच्या दोन नावांतील फरकापेक्षा हा फरक पुष्कळ जास्त ऐकू येतो. चांगले विक्रेते म्हणूनच खोक्यावर मोजलेला प्लेट प्रवाह हाताने लिहून देतात, आणि दोन खोक्यांवरील ते आकडे जुळतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहता येते.