बंगईवर (झोपाळ्यावर) बुरशी आली तर आधी हे वाचा, तेल लावू नका

श्रावणातली झड उघडली की आमच्याकडं एकाच गोष्टीचे फोन सुरू होतात. सागवानी बंगई असो, अंगणातला बाक असो नाहीतर वेताच्या खुर्च्या, "काळे ठिपके आलेत, तेल चोळलं तरी जाईनात, काय करावं?" ठिपके तुम्हाला घरीच काढता येतात. अवघड होऊन बसतं ते तेल, म्हणून आधी त्याचंच सांगतो.

एप्रिल-मेच्या उन्हात लाकडाला बारीक चिरा दिसायला लागतात, मग घरातलंच करडीचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल चोळतेत. चार दिवस लाकूड चमकतं, पण खायचं तेल लाकडावर नीट वाळत नाही, चिकट राहतं, त्याच्यावर फुफाटा बसतो आणि मृगाचा पाऊस पडला की ओल अन् खायला दोन्ही बुरशीला एकाच जागी मिळतं. जवसाचं कच्चं तेलही तसंच. ठिपके आल्यावर परत तेल लावलं तर ते दोन दिवस झाकतात फक्त, खाली वाढ चालूच राहती. अशी बंगई वर्कशॉपला आली की पॉलिश पेपर लगेच तेलानं भरतो, टाकून दुसरा घ्या, थिनरनं पुसा, परत घासा, आणि एवढं करून एखादी जागा तेलकट राहिलीच तर तिथं पीयू कोट (पॉलियुरेथेनचं पॉलिश) धरत नाही, सोलून निघतो. त्यामुळं तेल पाजलेल्या मालाची मजुरी आम्ही जास्त सांगतो आणि दिवसही जास्त मागतो. काहीजण म्हणतेत दुसरीकडं एका दिवसात होतं. होत असंल, पण लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असली तर बुरशी वाढत नाही, आणि आम्ही मीटर लावून ती 15 च्या आत आल्याशिवाय ब्रश उचलत नाही. ओल्यावर मारलेल्या कोटाखाली पुढच्या पावसाळ्यात काळं दिसतं, मग सगळं खरवडावं लागतं.

घासायला घेण्याआधी ती बुरशीच आहे का ते बघा. उन्हानं सागवान करडं पडतं, त्यानं लाकडाला धोका नाही. बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या फर्निचरवर पांढरे डाग राहतात ते क्षार, व्हिनेगरचा थेंब टाकला की त्याला बुडबुडे येतात. खिळ्या-स्क्रूच्या भोवतीचं काळं म्हणजे लोखंडाचा डाग, तो धुऊन जाणार नाही. बुरशीचे ठिपके विखुरलेले असतात, हाताला किंचित लुसलुशीत लागतात आणि कुबट वास येतो.

बुरशीच निघाली तर फर्निचर घराबाहेर उन्हात घ्या, तोंडाला रुमाल बांधा आणि आधी पाणी शिंपडा, कोरडंच झटकलं तर बुरशीची भुकटी उडून नाकात जाती. साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं रेषांच्या दिशेनं घासून धुवा, मग किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर फडक्यानं लावून तासभर ठेवा आणि साध्या पाण्यानं पुसून घ्या. कड्या अन् साखळ्या आधी काढून ठेवा, आणि तारेची घासणी अजिबात वापरू नका, तिचे बारीक कण लाकडात अडकतात, गंजतात आणि नवे काळे ठिपके तयार होतात, मग परत आम्हालाच फोन. शेवटी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून तो हात मारा आणि धुऊ नका, तसाच वाळू द्या, त्यानं बुरशी लवकर परत येत नाही. टाकणखार लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. नंतर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा.

ब्लीच प्लास्टिकच्या खुर्च्यांना चालतं, लाकडावर ते वरचा रंग तेवढा उडवतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेततो. वेताला गाडी धुवायच्या प्रेशरच्या पाण्याखाली धरू नका, विण सुटती. गादीचा फोम आतून काळा पडला असंल तर तो बदलाच, धुऊन उपयोग नाही.

पावसाळ्यात ताडपत्री गच्च गुंडाळून बांधतेत, त्यानं आतली ओल आतच कोंडती. वरून टाका, खाली वीतभर मोकळं सोडा आणि उघडीप मिळाली की काढा. बाकाचे पाय विटेवर नाहीतर रबरी बुचावर ठेवा, भिंतीपासून थोडं लांब, आणि कुंड्यांचं पाणी खाली साचणार नाही असं बघा.

आमच्याकडं धुणं, घासणं आणि बाहेरच्या उन्हापावसाचा पीयू कोट असं तिन्ही काम होतं, माल दुसरीकडून घेतलेला असला तरी करून देतो. मृगाच्या आधी, मे महिन्यात आणलं तर लाकूड कोरडं असतं, काम लवकर निघतं आणि मजुरीही कमी बसती. पोळ्यानंतर गर्दी असती, तेव्हा फोन करूनच या. परभणी शहरात टेम्पो आम्ही पाठवतो, सेलू-जिंतूर-मानवतकडच्यांनी आधी फोटो पाठवा. आणि तेल लावलेलं असलं तर कोणतं लावलं ते सांगा, रागावणार नाही, पेपर किती लागंल ते कळतं.