एचटीओएनएलमधला 'एल' आला कुठून

परवा बाणेरच्या ऑफिसात एका नवीन पोराचा सर्व्हर चालू दिसत होता पण कनेक्ट काही होईना. पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) ८० दिलाय म्हणे, बघितलं तर साहेब २०४८० वर ठाण मांडून. ८० चे दोन बाइट म्हणजे ० आणि ८०, ते उलटले की ८० गुणिले २५६, एचटीओएनएस (htons, 'host to network short', मशीनचा बाइट-क्रम नेटवर्कच्या क्रमात बदलणारं सी भाषेतलं फंक्शन) लावायचं राहिलेलं. एचटीओएनएल (htonl) हे त्याचंच भावंड, शेवटी 'एस' ऐवजी 'एल', म्हणजे 'long'. (८० ला सहसा रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, लागतात; ते नसताना तो मिळाला तेव्हाच शंका यायला हवी होती खरं तर.)

आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवायचा (बिग एंडियन) की लहान (लिटल एंडियन), हे भांडण जुनंच आहे. बिग एंडियन-लिटल एंडियन ही नावं या वादात आली १ एप्रिल १९८० च्या एका नोटमधून, गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंडं कुठल्या टोकाने फोडायचं त्या भांडणावरून, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की काहीतरी एक ठरवा. १९८१ च्या आयपी स्पेकमध्ये (इंटरनेटच्या पायाभूत नियमावलीत) मोठा बाइट आधी हे पक्कं झालं. पीडीपी-११ हे जुनं मशीन तर ३२ बिटांचा आकडा आपल्या 'एकशे सत्तावीस'सारखा ठेवायचं, मोठा भाग आधी पण भागाच्या आत लहान आधी, जसं सात आधी वीस नंतर.

खरा घोळ १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीचा. ते चालायचं व्हॅक्स मशीनवर, तिथे सी भाषेतले आकड्यांचे टाइप शॉर्ट १६ बिट आणि लाँग ३२, म्हणून फंक्शनच्या नावातच एस आणि एल टाकून मोकळे झाले. आकडा टाकला असता तर काय बिघडलं असतं? पुढे ६४ बिटी मशीन आली, लिनक्सवर लाँग ६४ झाला, विंडोजवर ३२ च राहिला, आणि एचटीओएनएल मात्र सगळीकडे ३२ च बिट हाताळतं. आतला टाइप नंतर बदलून नेमका ३२ बिटांचा केला पण नावाला कोणी हात लावला नाही, कारण तोवर जगभरचा कोड त्यावर उभा. त्यात बिग एंडियन मशीनवर ही फंक्शनं काहीच करत नाहीत, त्यामुळे जुन्या स्पार्कवर ती विसरलेला कोड वर्षानुवर्षं सुरळीत चालायचा आणि इंटेलवर आणला की आडवा. ६४ बिटांसाठी एचटीओबीई६४ (htobe64) आलं, नावात सरळ आकडा, पण पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकात) शिरायला त्याला २०२४ उजाडलं.

आमच्या पोराने पोर्ट सुधारला आणि लगेच मिलिसेकंदांचा टाइमस्टॅम्प एचटीओएनएलमधून पाठवला, 'लाँगच आहे ना सर' म्हणत. वरचे ३२ बिट गुल, कंपायलर गप्प.