संकटातील प्रार्थना आणि श्वासाची लय

जवळचे माणूस शस्त्रक्रियेसाठी आत गेले की दाराबाहेर थांबलेल्यांचे ओठ नकळत हलू लागतात. ‘प्रार्थनेने रुग्ण बरा होतो, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ हा वारंवार केला जाणारा दावा मात्र खरा नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही याची खात्री नसलेल्या रुग्णांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्क्यांना, तर न झालेल्या गटात 51 टक्क्यांना गुंतागुंत उद्भवली. प्रार्थना होत असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्यांत हे प्रमाण 59 टक्के होते.

प्रार्थना करणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरात काय घडते, हा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वसन केल्यास श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि श्वास सोडताना मंदावते, हे पुष्कळांना स्वतःच अनुभवता येईल. मानेतील आणि हृदयाजवळील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत ताण ओळखणारे चेतातंतू असतात. रक्तदाब वाढून भिंत ताणली गेली की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला संदेश देतात. मग मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत हृदयाची गती लगेच कमी केली जाते. रक्तवाहिन्या सैल होण्यास मात्र काही सेकंद लागतात. या विलंबामुळे रक्तदाबात सुमारे 10 सेकंदांच्या लाटा उमटतात, त्यांना मेयर लाटा म्हणतात. श्वासाचे एक आवर्तनही 10 सेकंदांचे झाले, तर योग्य क्षणी ढकललेल्या झोपाळ्याप्रमाणे दोन्ही लयी एकमेकींना बळ देतात.

इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 23 निरोगी प्रौढांवर नेमके हेच मोजले. लॅटिनमधील ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा बौद्ध मंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे 6 वेळा इतका संथ झाला आणि रक्तदाब सावरणारी ही प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. दोन भिन्न धर्मपरंपरांतील शब्दांनी एकच परिणाम साधला, त्यामुळे विशिष्ट मंत्राच्या ‘कंपनांनी’ रोग नष्ट होतात असे सांगणाऱ्यांना या प्रयोगाचा आधार घेता येणार नाही. अशा भरवशावर औषध थांबवणे तर जिवावर बेतू शकते.

देवावर भार टाकल्याने श्रद्धावंताला मिळणारा दिलासा या आकड्यांत मावत नाही आणि तो नाकारण्याचे कारणही मला दिसत नाही. परंतु भीतीने श्वास उथळ आणि जलद झाला असताना ‘हळू श्वास घ्या’ ही सूचना पाळणे किती कठीण असते, हे ज्याने असा प्रसंग सोसला आहे त्याला ठाऊक असते. लहानपणापासून पाठ असलेली ओळ अशा वेळी विचार न करताही ओठांवर येते आणि ती एका दमात शेवटच्या शब्दापर्यंत न्यायची, तर उच्छ्वास लांबवावाच लागतो.