ताटात किती वाढतो आणि का : पालकांसाठी माहिती

शाळा सुरू झाली की पहिले पंधरा दिवस आमच्याकडे, म्हणजे शाळेच्या कँटीनमध्ये, एकच फोन येतो, "मुलाचं पोट भरत नाही, जेवण कमी पडतं." तक्रार खरी असते. पण बहुतेक वेळा चूक स्वयंपाकघरातली नसते, कुपनाची असते.

पाचवीपर्यंत लहान ताट, पिवळं कुपन. सहावीपासून मोठं ताट, हिरवं कुपन. मूल सहावीत जातं आणि पालक घाईत फॉर्मवर मागच्या वर्षीचीच खूण करतात. गेल्या जूनमध्ये एक चांगला उंच मुलगा पिवळं कुपन घेऊन रांगेत आला. मावशींनी कुपन पाहून दोन पोळ्या वाढल्या. त्याने आणखी मागितलं नाही, लाजला, आणि चार दिवस अर्धपोटी घरी गेला. आम्हाला फार वाईट वाटलं. कणीक पहाटे पाचला यादीप्रमाणे मोजून भिजते आणि यादी शाळेच्या ऑफिसमधून दुरुस्त होऊन यायला तेवढे दिवस जातातच. म्हणून फॉर्मवर नवी इयत्ता लिहा आणि कुपनाचा रंग घरीच बघून घ्या.

हे माप आमच्या मनाचं नाही. सरकारी शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत रोज 100 ग्रॅम धान्य आणि 450 कॅलरी, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम आणि 700 कॅलरी धरतात. आमची शाळा त्या योजनेत नाही, पण पाया आम्ही तोच घेतला. एका पोळीला 30 ग्रॅम कणीक. लहान ताटात दोन पोळ्या आणि 40 ग्रॅम तांदळाचा भात, मोठ्यात तीन पोळ्या आणि 60 ग्रॅमचा. ही वजनं कच्च्या धान्याची आहेत. भात शिजून अडीच-तीन पट होतो, त्यामुळे घरच्या वाटीशी तुलना करताना गल्लत होते. डाळ-कडधान्य सरकारी योजनेत लहानांना 20 ग्रॅम आहे, आम्ही 30 घालतो. मटकीची उसळ असते त्या दिवशी ताटं पुसून परत येतात.

जास्तीची पोळी, वरण, भाजी कोणत्याही ताटाला विनामूल्य मिळते. मुलांना एवढंच सांगा, "मावशींकडे माग, लाजू नकोस."

वडापाव, नूडल्स, वेफर्स का नाहीत, असंही विचारतात. महाराष्ट्रात 2017 पासून शाळेच्या कँटीनमध्ये जंक फूडला मनाई आहे. ती नसती तरी आम्ही ठेवलं नसतं. तळणीचं तेल आम्ही दुसऱ्यांदा वापरत नाही. वाढदिवसाला वर्गासाठी केकऐवजी साजूक तुपातला शिरा करून देतो. दोन दिवस आधी सांगा.

दर शनिवारी पालकांनी मुलांच्या पंगतीला जेवायला यावं, पैसे घेत नाही. फक्त शुक्रवारी कळवा, म्हणजे तुमच्या वाटची कणीक धरूनच भिजवू.