ग्रीक शोकात्मिका

प्राचीन ग्रीसमधील, मुख्यतः अथेन्समधील गंभीर पद्यनाट्याचा प्रकार. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आकाराला आला आणि पाचव्या शतकात बहरला. मूळ ग्रीक शब्द ‘त्रागोदिया’. ‘त्रागोस’ म्हणजे बोकड आणि ‘ओदे’ म्हणजे गाणे. हा बोकड आला कुठून, यावर जुन्या काळापासून वाद आहे. कोणी त्याला स्पर्धेतले बक्षीस मानतात, कोणी देवाला दिलेला बळी. मराठीत ‘शोकांतिका’ शब्द रुळला असला तरी ‘शोकात्मिका’ अधिक नेमका, कारण या सगळ्याच नाटकांचा शेवट शोकात होत नाही. युरिपिडीझच्या ‘टॉरिसमधील इफिजेनिया’त बहीणभाऊ सुखरूप निसटतात.

ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिकेचा उगम डिथिरॅम्बमध्ये आहे. डिथिरॅम्ब म्हणजे डायोनायसस या मद्याच्या आणि उन्मादाच्या देवासाठी वृंदाने नाचत गायचे स्तोत्र. गाणे उचलून देणाऱ्या म्होरक्यापासून पुढे नाटक घडले, असे तो म्हणतो. तो स्वतः या सुरुवातीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा त्याचे म्हणणे थोडे जपूनच घ्यावे. पण गाण्याशी असलेले नाते नाटकांच्या भाषेतही दिसते: संवाद अथेन्सच्या ॲटिक बोलीत, तर वृंदगीतांवर समूहगीतांच्या परंपरेतल्या डोरिक बोलीची छटा. थेस्पिस हा परंपरेने पहिला नट. त्याचा काळ इ. स. पू. 534 च्या सुमाराचा सांगतात. नटाला ग्रीकमध्ये ‘हिपोक्रितेस’ म्हणत आणि त्याचा एक अर्थ ‘उत्तर देणारा’ असा आहे. वृंदाने विचारायचे, एकट्याने उत्तर द्यायचे, एवढ्यावर सुरुवातीचे नाटक उभे असावे.

प्रयोग होत ते अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, वसंतातल्या मोठ्या डायोनायसिया उत्सवात, आणि तेही स्पर्धा म्हणून. तीन नाटककार निवडले जात. प्रत्येकाने तीन शोकात्मिका आणि वर एक थट्टेखोर सॅटर-नाटक (सॅटर म्हणजे डायोनायससचे अर्धमानव, अर्धपशू सोबती) सादर करायचे. वृंदाच्या तालमींचा आणि वेशभूषेचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर टाकलेला असे. त्याला ‘खोरेगोस’ म्हणत. सगळी पात्रे, स्त्रीपात्रेसुद्धा, पुरुषच मुखवटे घालून करत.

विषय बहुतेक पुराणकथांचेच का, याचे थोडेफार उत्तर एका फजितीत सापडते. इ. स. पू. 494 मध्ये इराण्यांनी मायलेटस हे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केले. फ्रिनिकसने त्यावर नाटक लिहिले. इतिहासकार हेरॉडोटस सांगतो की सारे प्रेक्षागृह रडले आणि मग अथेन्सने नाटककारालाच हजार द्राख्मांचा दंड ठोकला, कारण त्याने ‘घरच्या दुःखांची’ आठवण करून दिली होती. त्या नाटकाचा प्रयोग पुन्हा करायलाही बंदी घातली. एस्किलसने 472 मध्ये ‘पर्शियन्स’ लिहिले तेव्हा विषय ताज्या युद्धाचाच होता, पण रडणारी राजमाता शत्रूची होती. ते नाटक जिंकले. त्याचा खोरेगोस होता पुढे अथेन्सचा नेता झालेला तरुण पेरिक्लीझ.

दुसरा नट एस्किलसने आणला, तिसरा सॉफोक्लीझने, असे ॲरिस्टॉटल नोंदवतो. दोन नट आले की वृंदाला वगळून पात्रे आपसांत भिडू शकतात. खरा संघर्ष तिथून सुरू होतो. तिसऱ्या नटाचा सर्वांत धूर्त उपयोग मात्र म्हाताऱ्या एस्किलसनेच केला. ‘ॲगमेम्नॉन’मध्ये (458) राजा परततो, त्याच्यासोबत कसान्ड्रा ही बंदिवान ट्रोजन राजकन्या असते. राणी तिला आत यायला फर्मावते. ती हूं की चूं करत नाही. तिला ग्रीक येत नसावे, अशी शंका निघते. प्रेक्षकांनीही तिला मुके पात्रच समजले असावे. राणी चिडून आत जाते आणि त्यानंतर कसान्ड्राच्या तोंडून पहिल्यांदा शब्दही नव्हे, नुसता आक्रोश फुटतो.

नट वाढले तसा वृंद मागे सरला. सॉफोक्लीझने वृंदातली माणसे बारावरून पंधरा केली, असे सांगतात, पण त्यांच्या वाट्याच्या ओळी एकंदरीत घटत गेल्या. युरिपिडीझच्या काही नाटकांत वृंदगीते कथेच्या कडेकडेने जातात, आणि अगॅथॉन या नाटककारापासून तर ती कुठल्याही नाटकात बसतील अशी सुटी गाणी झाली. परीक्षकांची पसंती आणि नंतरची कीर्ती यांचे मात्र नेहमी जुळले नाही: युरिपिडीझची ‘मीडिया’ (431) तिघांत तिसरी आली.

इ. स. पू. 386 पासून उत्सवात जुन्या शोकात्मिकांचे पुनःप्रयोग होऊ लागले. नट संहितेत आपली भर घालत, म्हणून अथेन्सचा राजकारणी लायकर्गस याने चौथ्या शतकात एस्किलस, सॉफोक्लीझ आणि युरिपिडीझ या तिन्ही नाटककारांच्या अधिकृत प्रती करवून घेतल्या. रोमन काळातला वैद्य गेलन याने दिलेल्या कथेनुसार इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने पंधरा टॅलेंट चांदी अनामत ठेवून त्या नकलेसाठी मागवल्या, मूळ प्रती स्वतःकडे ठेवल्या, नकला परत धाडल्या आणि अनामतीवर पाणी सोडले. आज पूर्ण उपलब्ध आहेत ती एस्किलसच्या नावावरची 7, सॉफोक्लीझची 7 आणि युरिपिडीझच्या नावावरची 19 नाटके.